इंदूर–न्यूयॉर्क हवाई अंतर व प्रवासकाल

इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे 12,300 किलोमीटर आहे. हे अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठावरच्या सर्वांत जवळच्या मार्गावर मोजतात. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क इंदूरच्या सरळ पश्चिमेला, अरबस्तानापलीकडे दिसते. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला की तो बराच उत्तरेकडे झुकतो. पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया आणि स्कँडिनेव्हियावरून आर्क्टिक वृत्त किंचित ओलांडतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण भागावरून अमेरिकेकडे उतरतो.

ताशी 900 किलोमीटर वेगाने हे अंतर पावणेचौदा तासांचे. हिशेब बरोबर आहे, पण इंदूरकराच्या उपयोगाचा नाही, कारण इंदूरहून असे विमानच सुटत नाही. इथली धावपट्टी सुमारे 2,750 मीटरची. इंधनाने पूर्ण भरलेल्या मोठ्या विमानाला त्याहून लांब पट्टी लागते. शिवाय रोज तेवढे प्रवासीही हवेत. 2019 मध्ये इंदूरहून दुबईला थेट विमान सुरू झाले, ते लहान जातीचे होते.

रामबाग, लोकमान्य नगर वा राजेंद्रनगरातले आई-बाबा लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाले की घरात पहिला वाद होतो तो मार्गाचा: दिल्ली, मुंबई की दुबई? अंतरापुरते पाहिले तर दिल्लीला तोड नाही. दिल्ली बृहद्वृत्ताच्या जवळच असल्याने त्या मार्गाने जेमतेम सव्वाशे किलोमीटर वाढतात. मुंबईमार्गे साडेसातशेच्या आसपास, कारण आधी उलट दिशेला जावे लागते. दुबईमार्गेही जवळपास तेवढेच. तरीही मुंबईत मावशीकडे मुक्काम होतो म्हणून तो मार्ग धरणारे पुष्कळ.

दिल्ली–न्यूयॉर्क थेट उड्डाणाला साधारण 15 ते 16 तास लागतात. परतताना पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पाठीशी असतो, म्हणून वेळ बराच कमी होतो. हवाई हद्दी बंद झाल्या की मात्र सगळे गणित कोलमडते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर अमेरिकेला ये-जा करणाऱ्या काही भारतीय विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. घरापासून घरापर्यंत एक अख्खा दिवस धरून चालावे.

घड्याळाचा घोळ वेगळाच. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. जानेवारीत दिल्लीहून रात्री दोनला सुटलेले विमान साडेपंधरा तास उडूनही त्याच तारखेला सकाळी सातला पोचते.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने इंदूर–दिल्ली हा सर्वांत छोटा टप्पाच सर्वांत बेभरवशाचा ठरतो. दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर पुढचे विमान चुकल्याची जबाबदारी प्रवाशाचीच असते. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर विमान कंपनीला पुढची सोय लावावी लागते.