पार्श्वभूमी : सदिशाचा बाण, छापखान्यातून संगणकात

सदिश राशी, म्हणजे परिमाण (आकारमान) आणि दिशा दोन्ही असलेली राशी, छापताना कोणती खूण वापरावी, हा वाद संगणकाहून जुना आहे. विद्युतचुंबकत्वावरील १८७३ च्या एका गाजलेल्या ग्रंथात सदिशांसाठी जर्मन गॉथिक अक्षरे होती; ती नजरेला जाचक वाटल्याने पुढे ठळक ठसा आला. ठळक अक्षर खडूने काढता येत नाही, त्यामुळे फळ्यावर बाण आणि पुस्तकात ठळक अक्षर अशी फाळणी झाली.

१९७८ मध्ये टेक् आणि १९८० च्या दशकात लाटेक या गणिती मजकुराच्या अक्षरजुळणीच्या संगणक प्रणाली आल्यावर शिक्षक स्वतःच्या टिपणांची अक्षरजुळणी स्वतः करू लागले. लाटेकमधील सदिशाची मूळ आज्ञा अक्षरावर बाणच काढते, पण तो ठरावीक लांबीचा असल्याने दोन अक्षरी नावावर तोकडा पडतो. अनेकांनी ती आज्ञा बदलून ठळक अक्षर पत्करले. आंतरराष्ट्रीय मानकाला दोन्ही रीती मान्य आहेत; तरीही नवख्यांसाठी बाणच बरा, कारण फिकट छायाप्रतीत ठळकपणा हरवतो, बाण सहसा हरवत नाही.

खरी गुंतागुंत ग्रहाच्या कक्षेपाशी होते. तेथे ‘आर’ हे एकच अक्षर सूर्यापासून ग्रहापर्यंतचा सदिश, त्याचे परिमाण आणि, डोक्यावर टोपी (^) घालून, एकक सदिश अशा तिन्ही अर्थांनी येते. एकक सदिश म्हणजे सदिश भागिले परिमाण. तो गुरुत्वाकर्षणाच्या बलाच्या सूत्रात विस्ताराने लिहिला की छेदात वर्गाऐवजी घन दिसतो, आणि व्यस्त वर्गाच्या नियमात (बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात) घन कसा, असा प्रश्न हमखास येतो. ज्याला तीन खुणांमधला फरक दिसलेला नाही, त्याला याचे उत्तर पटत नाही.

बेसिक किंवा जुन्या फोरट्रान या संगणक भाषांमध्ये हा पेच झाकला जाई, कारण सदिशाच्या प्रत्येक घटकासाठी वेगळी ओळ लिहावी लागे. २००० मध्ये आलेल्या व्हीपायथन या पायथन भाषेवर आधारलेल्या साधनाने अख्खा सदिश एका चलात ठेवण्याची सोय केली आणि संवेग बदलण्याची पायरी सूत्रासारखीच एका ओळीत मावू लागली. मात्र चलाच्या नावावर ना बाण काढता येतो ना टोपी. परिमाण आणि एकक सदिश यांना वेगळी, उघड नावे द्यावीच लागतात. ही सक्ती, माझ्या मते, अक्षरजुळणीच्या कोणत्याही संकेतापेक्षा अधिक शिकवून जाते.

२०११ पासून आयपायथनच्या, आणि २०१४ नंतर ज्युपिटरच्या, नोटबुकमध्ये, म्हणजे संगणकावरील वहीत, लाटेकच्या रीतीने लिहिलेले सूत्र आणि आज्ञावली एकाच पानावर येतात. वर बाण, टोपी आणि घन. खाली तीन निरनिराळी नावे आणि एक भागाकार.