मसाल्याच्या डब्यांमागचा नळ

न्यू जर्सीत माझ्या मेहुण्याच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक कपाट आहे. दार उघडलं की हळद-तिखटाचे डबे, हिंगाची डबी, आणि डब्यांच्या मागे भिंतीतून डोकावणारे स्टीलचे दोन छोटे नळ. त्यातल्या डाव्या नळाला बिअर येते. ओट्याखालच्या फ्रिजला भांड्यांच्या कपाटासारखंच दार आहे, त्यामुळे आत १९ लिटरचे दोन केग, म्हणजे बिअरची स्टीलची बंद पिंपं, उभे आहेत हे कुणाला कळत नाही. कळू नये हाच हेतू होता. माझे सासू-सासरे नाशिकहून सहा महिन्यांसाठी यायचे होते.

तिथे घरी बिअर करणं गुन्हा नाही. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानुसार दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर बिअर स्वतःपुरती, कर न भरता करता येते. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय असलं काही करता येत नाही, तेव्हा हे वाचून कुणी ड्रिल घेऊन ओट्याकडे धावू नये.

सगळी जोडणी झाल्यावर मेहुणा म्हणाला, "भावोजी, मुहूर्त तुमच्या हस्ते." मी ग्लास धरला, नळ उघडला आणि पाऊण ग्लास नुसता फेस भरला. दुसरा ग्लासही तसाच. त्याने केगमधला वायूचा दाब कमी केला, तर धार मुतखड्याच्या पेशंटसारखी आणि फेस तेवढाच. नळ इतक्या उंचावर चढवला म्हणून असं होतंय, हे त्याचं निदान. ते चुकीचं होतं, पण चुकीचं का हे समजण्यात खरी गंमत आहे.

बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडलेला नियम असा, की द्रवावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो वायू जास्त विरघळतो. शिवाय द्रव जितका थंड, तितका तो वायू जास्त धरून ठेवतो. ३ अंश सेल्सिअसच्या आसपास १२ पीएसआय दाब दिला (गाडीच्या टायरमध्ये आपण ३२-३३ भरतो, तेच हे एकक), तर एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू मावतो. तोच अडीच लिटर वायू २० अंशांना आत कोंडून ठेवायचा तर सुमारे २८ पीएसआय लागतात.

आता मेहुण्याची नळी बघा. फ्रिजमधून निघून भिंतीतून चार फूट वर. एका फुटाच्या चढाला जेमतेम अर्धा पीएसआय खर्ची पडतो, म्हणजे उंचीचा एकूण हिशेब दोनाचा. पण ही चार फूट नळी फ्रिजच्या बाहेर, घराच्या तापमानाला होती. तिच्यातल्या बिअरला २८ ची कोंडी हवी आणि मागून रेटा मात्र १२ चा. वायू नळीतच सुटायला लागतो. नळीचा आतला व्यास पाच मिलिमीटरही नाही, म्हणजे त्या चार फुटांत मावते ती चहाचे चार चमचे बिअर. एवढीशी बिअर अख्खा ग्लास कसा नासवते? तर तिच्यातले बुडबुडे मागून येणाऱ्या थंड बिअरमध्ये घुसतात आणि प्रत्येक बुडबुडा नव्या वायूला बाहेर पडायला आयती जागा देतो. त्यात नळी आणि नळाचं धातूही कोमट. विरजणाला कवडीभर दही पुरतं, तसंच हे.

उपाय साधा निघाला. नळीभोवती रुंद पाइप, त्यावर फोमचं जाड वेष्टन, आणि फ्रिजमधली थंड हवा त्या पाइपातून वर ढकलणारा कॉम्प्युटरचा छोटा पंखा. हवेला परत खाली यायला दुसरा पाइप लागतो. तो नसेल तर पंखा नुसता गरगरतो. तो बसवल्यावर फेस दोन बोटांवर आला.

उरलेलं काम नळीच्या लांबीने केलं. केगमध्ये १२ पीएसआय आणि बाहेर मोकळी हवा, हा उतार बिअरने एका उडीत पार केला तर ती उसळणारच. घाटातला रस्ता वळणं घेत उतरतो, तसा दाब हळूहळू उतरवावा लागतो. बारीक नळी घर्षणाने ते करते, म्हणून दहा-बारा फुटांचं वेटोळं केगच्या डोक्यावर, फ्रिजमध्येच ठेवतात. मेहुण्याने सुबक दिसावी म्हणून नळी पाच फुटांवर कापली होती. इंजिनिअर माणूस, पण नीटनेटकेपणाचा सोस.

फ्रिज ओट्याखाली दडवण्यात दुसरीच मेख आहे. फ्रिज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. साधा फ्रिज ती पाठीतून किंवा अंगातून टाकतो आणि त्याला चारी बाजूंनी लाकडात बसवलं की तो स्वतःच्याच घामात शिजतो. समोरून, खालच्या जाळीतून श्वास घेणारा मॉडेल घ्यावा लागतो. आणि बिअरच्या नळीसाठी फ्रिजला भोक पाडायचं तर त्याच्या भिंतीत गार करणाऱ्या गॅसच्या नळ्या नेमक्या कुठे आहेत? नव्या छोट्या फ्रिजमध्ये बहुधा आयसोब्युटेन असतो, म्हणजे पेट घेणारा वायू. यावर घरी बिअर करणाऱ्यांची एक युक्ती मला फार आवडली. फ्रिज रात्रभर बंद ठेवायचा. सकाळी कॉर्नफ्लोअर अल्कोहोलमध्ये कालवून पातळ पेस्ट पत्र्यावर फासायची आणि फ्रिज चालू करायचा. आतली नळी तापते आणि तिच्यावरची पेस्ट आधी वाळते. बघता बघता ओल्या राखाडी लेपावर पांढरी रेघ उमटत गेली, वळली, परत आली. रांगोळीच म्हणा. मग मेहुण्याने दोन रेघांच्या मधोमध पेन्सिलीने फुली मारली.

केगला दाब देणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर छोटा, आत सव्वादोन किलो. त्याचा काटा फसवा असतो. आत वायू द्रवरूपात आहे तोवर दाब तितकाच दाखवतो आणि द्रव संपला की धाडकन खाली येतो. स्वयंपाकाच्या गॅससारखंच, वजन केल्याशिवाय खरं कळत नाही. मात्र सव्वादोन किलो म्हणजे मोकळ्या हवेत जवळपास १२५० लिटर वायू. दहा बाय बारा फुटांच्या बंद खोलीत तो सगळा गळाला, तर हवेत चार टक्क्यांवर जातो, आणि अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या निकषांत चार टक्के म्हणजे जिवाला तत्काळ धोका. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो आधी जमिनीलगत साचतो. म्हणून साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा तपासायचा आणि वायू ओळखणारं यंत्र खाली, पायाच्या पातळीवर लावायचं. यात काटकसर नको. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्या लागतात. ते कंटाळवाणं आहे, पण नाहीतर चव आंबते.

उजव्या नळाला सोडा. हा सासऱ्यांसाठी, कोकम सरबतात घालायला. तसं पाहिलं तर सोड्याचं माहेर बिअरच आहे. १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्समध्ये शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली शेजारच्या ब्रुअरीत जात आणि आंबणाऱ्या बिअरच्या वर साचलेल्या वायूत पाणी ठेवून ते झणझणीत करत. मेहुण्याचे केगसुद्धा मूळचे कोल्ड्रिंकवाल्यांचेच. त्यांना ते नकोसे झाले आणि बिअर करणाऱ्यांच्या घरी आले. सोड्याला दाब ३० चा लागतो, म्हणून त्याची नळी वीस फुटांवर गेली.

सासूबाई आल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी फोडणीसाठी हिंग शोधता शोधता नळ सापडले. "हे रे काय?"

"सोडा, आई. बाबांसाठी."

त्यांनी ग्लास घेतला आणि डावा नळ उघडला. मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. बिअर फिकट रंगाची होती, वास मसाल्यांत बुडून गेला होता, निभावलंही असतं. पण सोड्याचा फेस क्षणात विरतो. बिअरमध्ये बार्लीतली प्रथिनं आणि हॉप्स नावाच्या फुलांमधली कडवट द्रव्यं बुडबुड्यांना कवच चढवतात, त्यामुळे तिचा फेस ठाण मांडून बसतो. सासूबाईंनी ग्लास ओट्यावर ठेवला, हिंगाची डबी घेतली, फोडणी केली, वरणावर ओतली. मग ग्लासाकडे वळून पाहिलं.

"अजून बसला नाही," त्या म्हणाल्या. "सोड्याचा नळ उजवा का?"