वेबसेवांचे दस्तऐवज तयार करणारी साधने : निवड

एखाद्या वेबसेवेकडे कोणत्या पत्त्यावर, कोणती माहिती देऊन मागणी करायची आणि उत्तर कोणत्या रूपात मिळते, याचे वर्णन संगणकाकडूनच तयार करून घेणारी साधने. सेवेच्या या जोडणीला व्यवहारात एपीआय व तिच्या वर्णनाला डॉक्स म्हणतात. येथे निवडीचा विचार मराठवाड्यातील छोटे सॉफ्टवेअर गट, महाविद्यालये व स्थानिक कार्यालये यांच्या गरजांना धरून केला आहे.

उगम : या साधनांचे मूळ कोठे धरावे याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ही परंपरा डब्ल्यूएसडीएलपासून सुरू होते. एक्सएमएल या खुणांनी माहिती मांडण्याच्या पद्धतीतून सेवेचे वर्णन करणाऱ्या या भाषेची १.१ आवृत्ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली व २.० आवृत्तीला २००७ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या शिफारशीचा दर्जा मिळाला. दुसरे मत जावाडॉककडे बोट दाखवते. जावा भाषेबरोबर १९९५ च्या सुमारास आलेल्या या साधनाने प्रोग्रॅममधल्या टिपांतूनच संदर्भपाने काढण्याचा प्रघात पाडला. डॉक्सिजन हे साधनही त्याच वळणाचे. रचना पाहिली तर पहिल्या मताला आधार आहे, कारण आजचे वर्णनही आधी यंत्राने वाचायचे असते. तथापि डब्ल्यूएसडीएलची फाइल माणसाने सुखाने वाचावी अशी कधीच नव्हती. वाचकासाठी पान काढायचे ही दृष्टी जावाडॉकची असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या प्रबंधात मांडलेल्या रेस्ट या वेबसेवा रचण्याच्या शैलीला बराच काळ सर्वमान्य वर्णनभाषा नव्हती. सन मायक्रोसिस्टिम्सने २००९ मध्ये पुढे केलेली डब्ल्यूएडीएल रुजली नाही. टोनी टॅम यांनी वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाचे काम करताना २०१० च्या सुमारास अशा सेवांचे वर्णन व डॉक्स तयार करणारे स्वॅगर हे साधन सुरू केले. शब्दकोशाच्या घरी हे साधन जन्मावे, याचा कोशकाराला आनंद वाटतो. २०१५ मध्ये ते स्मार्टबेअर कंपनीकडे गेले. त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनएपीआय इनिशिएटिव्ह स्थापन झाला आणि २०१६ पासून वर्णनाच्या प्रमाणाला ओपनएपीआय हे नाव मिळाले. स्वॅगर हे नाव साधनांपुरते उरले, तरी बोलताना ‘स्वॅगर फाइल’ सर्रास म्हटले जाते. ३.० आवृत्ती २०१७ ची, ३.१ आवृत्ती २०२१ ची. रॅमल व एपीआय ब्लूप्रिंट हे २०१३ चे प्रतिस्पर्धी मागे पडले.

निवडीचे निकष : पान दिसते कसे यापेक्षा ते खरे कसे राहते हे आधी पाहावे. बाजार समित्यांतील सोयाबीनचा दर जिल्हावार देणारी सेवा घेऊ. तिच्या डॉक्समध्ये मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांची नावे मान्य मूल्ये म्हणून छापलेली असतात. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले. कोडमध्ये नावे बदलली आणि हाताने लिहिलेले पान तसेच राहिले, तर पान वाचून ‘उस्मानाबाद’ पाठवणाऱ्याला चुकीच्या मागणीचा ४२२ हा संकेत परत येतो. कोडमधूनच वर्णन काढणाऱ्या साधनात यादी एकाच जागी असते आणि पान आपोआप बदलते. पायथनमध्ये फास्टएपीआय, पायथनमधल्याच जँगो या वेबसेवा बांधण्याच्या चौकटीसाठी डीआरएफ-स्पेक्टॅक्युलर व जावातील स्प्रिंग या चौकटीसाठी स्प्रिंगडॉक ही या पद्धतीची साधने होत. स्प्रिंगच्या जुन्या धड्यांत भेटणारे स्प्रिंगफॉक्स २०२० नंतर अद्ययावत झालेले नाही व स्प्रिंग बूट ३ वर चालत नाही. ते नव्याने घेऊ नये. मात्र सेवा एका गटाची व मोबाइल ॲप दुसऱ्याचे असेल, तर वर्णन आधी लिहून दोघांनी मान्य करणे अधिक सोयीचे.

वाचनासाठी स्वॅगर यूआय व रीडॉक हे दोन प्रमुख पर्याय आहेत. स्वॅगर यूआयमधून तिथल्या तिथे मागणी पाठवून पाहता येते. विद्यार्थ्यांसाठी हा गुण मोठा. रीडॉकची मोफत आवृत्ती केवळ वाचनासाठी असून लांबलचक वर्णन तिच्यात नीट लागते.

इंटरनेटशिवाय वापर : महाविद्यालयाची प्रयोगशाळा किंवा कार्यालयाचे अंतर्गत जाळे येथे हा मुद्दा निर्णायक ठरतो. फास्टएपीआयचे डॉक्सचे पान आपल्या स्क्रिप्ट व शैलीच्या फायली बाहेरच्या सर्व्हरवरून आणते. जोडणी नसेल तर सेवा धडधाकट चालते, पण पान कोरे पांढरे दिसते आणि नवशिक्या दोष आपल्या कोडमध्ये शोधत बसतो. त्या फायली एकदा उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवल्या की काम भागते. स्प्रिंगडॉकमध्ये त्या सोबतच येतात. डीआरएफ-स्पेक्टॅक्युलरसाठी साइडकार नावाचे जोडपॅकेज आहे.

देवनागरी : फ्लास्क या पायथनमधील वेबचौकटीच्या मूळ मांडणीत ‘लातूर’ हा शब्द उत्तरात पाच युनिकोड संकेतांकांची (प्रत्येक अक्षरचिन्हाला दिलेल्या क्रमांकांची) साखळी होऊन उमटतो. माहिती बिघडलेली नसते, परंतु नमुना वाचता येत नाही. ॲस्कीची, म्हणजे फक्त रोमन अक्षरे व साधी चिन्हे असलेल्या संचाची, सक्ती बंद केली की अक्षरे दिसतात. फास्टएपीआयमध्ये ती मुळातच दिसतात. ओपनएपीआयमधील वर्णनाचा मजकूर मराठीत लिहिता येतो व तो जरूर लिहावा. मात्र घटकांच्या नावांत प्रमाणानुसार फक्त रोमन अक्षरे, अंक, टिंब, आडवी रेघ व अधोरेषा चालतात. म्हणून घटकाचे नाव रोमनमध्ये व अर्थ मराठीत, अशी विभागणी करावी लागते.