पार्श्वभूमी: नवशिक्याचा वेकबोर्ड आणि बुटांचा न मिटलेला वाद

वेकबोर्ड म्हणजे बोटीमागे दोर धरून पाण्यावरून सरकायची, दोन्ही पाय अडकवायची फळी. पहिला वेकबोर्ड कोणता घ्यावा, याचं तयार उत्तर आज कुठल्याही दुकानात मिळतं. वजनाच्या तक्त्यात बसेल त्यापेक्षा जरा मोठा बोर्ड घ्या, त्याचा वाक सलग असू द्या, खाली फिन (तळाला लावलेली छोटी पाती) हवेत आणि बूट पुढून उघडे. उत्तर चुकीचं नाही. मात्र यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या काळात ठरली आणि ठरवताना नवशिक्या बहुतेक वेळा कुणाच्याच डोळ्यांसमोर नव्हता.

वॉटर स्कीइंगची, म्हणजे लांब फळ्यांवर (स्कीवर) उभं राहून बोटीमागे ओढलं जाण्याची, सुरुवात १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात झाली. तो सगळा इतिहास इथे लागत नाही, पण त्यातली एक गोष्ट पुढे लागेल: स्की पायाला घट्ट जखडलेली नसे, पडलं की ती निघून जाणंच अपेक्षित होतं.

१९८५ साली सॅन दिएगोच्या एका सर्फरने आखूड, अरुंद सर्फबोर्ड बोटीमागे दोराने ओढायचा प्रकार बाजारात आणला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडेही त्याच सुमारास असे बोर्ड निघत होते. पहिला कोण, हे भांडण तिथले लोक अजून खेळतात, खेळू दे. त्या बोर्डांची खरी अडचण वेगळी होती. ते फोमचे, जाड आणि फार तरंगणारे होते. पाण्यात गुडघे छातीशी घेऊन बसायचं, बोर्ड आडवा धरायचा आणि बोटीने ओढलं की उभं राहायचं, ही सुरुवात अशा बोर्डावर भल्याभल्यांना जमत नसे. बोर्ड पाण्याखाली दाबला की उसळी मारून बाजूला निसटायचा. अंगात ताकद असलेलेच टिकले, बाकीचे स्कीकडे परतले.

१९९० मध्ये साच्यात दाबून बनवलेला, पातळ आणि पाण्यात ना धड तरंगणारा ना धड बुडणारा बोर्ड आला, तेव्हा हे चित्र बदललं. माझ्या मते नवशिक्याच्या दृष्टीने या खेळातली सगळ्यात मोठी घटना हीच. पण इतिहास सांगणाऱ्यांचा भर १९९३ च्या दोन्ही टोकं सारखी असलेल्या बोर्डावर असतो, कारण उलटं फिरून उतरण्याच्या कसरती त्याच्यामुळे शक्य झाल्या. नवशिक्याला त्या बोर्डाचा फायदा साधा आहे: डावा पाय पुढे की उजवा, हे विकत घेताना ठरवावं लागत नाही. घरातल्या दोघांचं एकाच बोर्डावर भागतं.

वाकाचं प्रकरण थोडक्यात. टोकापासून टोकापर्यंत सलग वाक असलेला बोर्ड पाण्यावर गुळगुळीत सरकतो आणि वळताना अंदाज देतो. मध्ये सपाट आणि टोकांना एकदम उचललेला बोर्ड बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून सरळ वर फेकतो, पण वेग खातो आणि उतरताना आपटतो. हा दुसरा प्रकार उंच उड्यांसाठी घडला, शिकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

आता बूट. खरी गुंतागुंत इथे आहे.

सुरुवातीच्या बोर्डांना पाय अडकवायला काहीच नव्हतं. मग पट्टे आले आणि त्यांच्यामागोमाग स्कीसारख्या रबरी खोबण्या. १९९६ मध्ये हा खेळ टीव्हीवरच्या साहसी खेळांच्या मोठ्या स्पर्धेत दाखल झाला, उलट्या उड्या रोजच्या झाल्या आणि रबर घोट्याच्या वर चढत गेलं. पाय आत जाईना म्हणून साबण आला. बोर्डाशेजारी साबणाच्या पाण्याची बाटली, टाच आणि बूट दोन्ही बुळबुळीत करायचे, बोर्डावर उभं राहून मागची पट्टी दोन्ही हातांनी वर खेचायची. कासाराकडे घट्ट बांगडी चढवताना हात असाच साबणाने माखतात. पुढे नाड्या, वेल्क्रो आणि फिरवून आवळायच्या चकत्या आल्या. साबण गेला, पण आवळणं राहिलं.

वाद असा: पडल्यावर बूट सुटावा की धरून ठेवावा? धरून ठेवा म्हणणाऱ्यांची बाजू वरवरची नाही. दोन्ही पाय एकाच फळीवर असतात. एक सुटला आणि दुसरा अडकला, तर अख्ख्या बोर्डाचा पीळ त्या एका घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. म्हणून सुटायचे तर दोन्ही सुटू देत, नाहीतर एकही नको. दोन्ही हमखास एकदम सुटतील अशी सोपी रचना काही रुळली नाही, त्यामुळे उत्पादकांनी घट्ट बुटांचा रस्ता धरला. स्नोबोर्डवरही पाय बांधलेलेच असतात, हा दाखला तेव्हा वारंवार दिला जायचा.

पण हा निर्णय उड्या मारणाऱ्यांच्या गरजेतून झाला होता. गुडघ्याचं लिगामेंट फाटण्यासाठी हा खेळ बदनाम आहे, आणि तशा दुखापती बहुतेक उडीवरून जोरात उतरताना होतात. शिकणारा माणूस ताशी २५-३० किलोमीटरने, आखूड दोरावर, बोर्डाची कड पाण्यात रुतून तोंडावर पडतो. दहाव्यांदा पडल्यावर दमून पाण्यात बसलेल्याला कुणाच्या मदतीशिवाय पाय बाहेर काढता येणं जास्त गरजेचं असतं. पुढून उघड्या बुटात ते जमतं. शिवाय एकाच जोडीत तीन-चार मापांचे पाय बसतात, म्हणून भाड्याने देणाऱ्यांनी हाच बूट उचलला. तिथेच घोळ झाला. भाड्याचा बूट म्हणजे हलक्या प्रतीचा, आणि बंद बूट म्हणजे ‘प्रो’, अशी पाटी दुकानांनीच लावली. मग दुसऱ्या आठवड्यातला शिकाऊ माणूस केवळ मान राखायला बंद बूट घेतो. पायाला बसणारा उघडा बूट ढिल्या बंद बुटापेक्षा केव्हाही चांगला. ढिल्या बुटातच एक पाय सुटण्याची भीती सर्वात जास्त.

१९९० च्या दशकाच्या अखेरीला बोटींवर उंच मनोरे आले, ओढ वरून येऊ लागली. सोबत बोट जड करून लाट मोठी करायला पाण्याच्या पिशव्याही आल्या. नवशिक्याने पिशव्या रिकाम्याच ठेवाव्यात. ताणणारा जुना स्कीचा दोर मात्र काढून टाकावा, न ताणणारा दोर हाच मनोऱ्याचा खरा सोबती.

सगळ्यात अलीकडचा फेरफार केबलचा. तारेवरून ओढायची यंत्रणा जर्मनीत १९६० च्या दशकापासून होती, पण स्कीसाठी. वेकबोर्डवाले तिथे पोचल्यावर तळ्यात रेलिंग आणि उतार उभे राहिले. त्यावर घासायचं म्हणून कडक तळाचे, लवचीक, बिनफिनचे बोर्ड निघाले. दोनच खांबांच्या स्वस्त यंत्रणेमुळे लहान तळ्यांतही केबल लागल्या. तिथे चालवणारा वेग कमी करतो, थांबवतोही, म्हणून शिकायला ती बरी. २०११ मध्ये २०२० च्या ऑलिंपिकसाठी विचारात घेतलेल्या आठ खेळांत वेकबोर्डिंग होतं, ते केबलच्या जोरावर. २०१३ मध्ये जागा कुस्तीला गेली. या सगळ्याचा खरेदीवर परिणाम असा की ‘नवशिक्याचा बोर्ड’ आता एक राहिला नाही. बोटीमागे फिन बोर्डाला सरळ रेषेत ठेवतात, रेलिंगवर तेच आडवे येतात. खोळंबा टाळायचा तर काढता येणारे फिन घ्यावेत.

अंगातल्या जाकिटाचंही तसंच. केबलवर घालतात ते पातळ इम्पॅक्ट व्हेस्ट आपटण्यापासून वाचवतं. त्यातली बरीचशी लाइफ जॅकेट म्हणून मान्यताप्राप्त नसतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बोटीमागे मान्यतेचा शिक्का असलेलंच जाकीट लागतं. दिसायला दोन्ही सारखीच, आणि पातळ असतं ते बहुधा महाग. शिक्का आतल्या बाजूला छापलेला असतो, पैसे देण्याआधी जाकीट उलटून पाहावं.