पुण्याचे हौद

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये पेशवाईत आणि त्यानंतर बांधलेली सार्वजनिक पाण्याची टाकी. फडके हौद, साततोटी, पंचहौद, बदामी हौद, काळा हौद अशी त्यांची नावे आजही चौकांच्या आणि बसथांब्यांच्या रूपाने रोजच्या बोलण्यात आहेत. त्यातले बरेच हौद मात्र बुजले, पाडले गेले किंवा दुकानांच्या मागे दडले.

मुठेचे पाणी उन्हाळ्यात आटे आणि वाढत्या वस्तीला विहिरी पुरत नसत. म्हणून नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या डोंगरपायथ्याशी आंबिल ओढा अडवून तलाव बांधवला. तिथून शनिवारवाड्यापर्यंत चुन्यात बांधलेला भुयारी नळ आणला. नळ म्हटले की आपल्याला लोखंडी पाइप आठवतो. हा नळ माणूस आत उतरून चालू शकेल एवढा आहे. पंप नाही, रहाट नाही, सगळा प्रवाह जमिनीच्या उतारावर. वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखे उभे उच्छ्वास बांधले. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ काढायला माणूस खाली उतरे आणि पाणीही शेंदता येई. पुढे आंबेगाव-नऱ्हे आणि कोंढव्याकडूनही असेच नळ शहरात आले.

नळाच्या फाट्यांवर हौद भरत. सरदारांच्या वाड्यांत खासगी हौद, तर पेठेच्या नाक्यावर सार्वजनिक. पण सार्वजनिक म्हणजे सर्वांचा नव्हे. ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांना हौदात घागर बुडवता येत नसे. कोणी वरून ओतेल तेवढेच पाणी. पुण्याच्या हौदांचे बांधकाम वाखाणण्याजोगे आहेच, तरी त्यांचा खरा इतिहास पाणी कोणी भरायचे या प्रश्नात आहे. जोतीराव फुल्यांनी 1868 साली गंज पेठेतील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच प्रश्नाला दिलेला जबाब होता. फुले वाड्यात तो हौद पाहता येतो.

फडके हौद चौकातला बाहुलीचा हौद त्याच परंपरेतला. निष्णात शल्यचिकित्सक आणि सत्यशोधक चळवळीतले अग्रणी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी तो आपल्या मुलीच्या, काशीबाईच्या स्मरणार्थ बांधला. तिला लाडाने बाहुली म्हणत. 1869 साली जन्मलेली ही मुलगी 1877 मध्ये गेली. डॉक्टर मुलीला शिकवतात याचा राग असलेल्या नातलगांनी तिला काच कुटून घातलेला लाडू खायला दिला, अशी हकिकत पेठेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. पण मुलींना शिकवणाऱ्या घरांवर त्या काळी किती रोष होता हे ठाऊक असल्याने ती पटकन खरी वाटते. मुलीच्या नावाने बांधलेला हा हौद डॉक्टरांनी सर्व जातींना खुला ठेवला. शिवाजीनगरचा घोले रस्ता याच डॉक्टरांच्या नावाचा.

पंचहौदाचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात गेले ते चहामुळे. ऑक्टोबर 1890 मध्ये तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. न्या. रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी हजर होती. कोणी चहा प्यायले, कोणी पेल्याला नुसता हात लावला. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि ख्रिस्त्यांकडच्या चहाने धर्म बुडाला म्हणून शहर पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य म्हणजे जातीबहिष्काराचा वाद झाला. आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी सहकाऱ्यांसाठी 1892 मध्ये ते घेतले आणि सुधारकांच्याच टीकेचे धनी झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खडकवासला धरणाचे पाणी आले, घरोघर तोट्या बसल्या आणि हौदांची देखभाल मागे पडली. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले आणि शहराच्या तोट्या कोरड्या पडल्या. तेव्हा पुणेकर पुन्हा कळश्या घेऊन हौदांवर गेले; दोन शतकांपूर्वीचा कात्रजचा नळ चालू होता.

अलीकडे रस्तारुंदी, मेट्रो आणि इमारतींच्या पायाखोदाईत या नळाचे तुकडे अधूनमधून उघडे पडतात. पेठांत फिरणाऱ्याने फडके हौद चौकात थांबून बाहुलीच्या हौदावर कोरलेला लेख वाचावा. गर्दीत तो सहज नजरेआड होतो. उच्छ्वास पाहायचे असतील तर नळाच्या वाटेने दक्षिणेकडे, पर्वती ते धनकवडी या पट्ट्यात जावे.