‘म्हणे’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

फळ्यावर वाक्य होतं, ‘डीप प्लाउइंग मे रिड्यूस सॉइल मॉइश्चर.’ एम.ए.चा संशोधन-लेखनाचा तास, पोरं परभणी-हिंगोलीकडची, बरीचशी शेतकऱ्यांची. मराठीत सांगा म्हटलं, तर जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच: ‘खोल नांगरटीनं जमिनीतली ओल कमी होते.’ ‘मे’, म्हणजे ‘होऊ शकते’, कुणालाच दिसला नव्हता.

तास सुटल्यावर टपरीवर चहा घेताना त्यांच्यातलाच एक म्हणाला, ‘सर, रात्री गावाकडं लई पाऊस झाला म्हणे.’ त्यानं पाऊस पाहिला नव्हता, आईचा फोन आला होता. बातमी ऐकीव आहे याची कबुली त्यानं एका शब्दात देऊन टाकली होती, तीही नकळत.

‘पाऊस झाला’ म्हटलं की हमी बोलणाऱ्याची. ‘झाला असावा’ म्हणजे अंगण ओलं दिसतंय, त्यावरून अंदाज. ‘झाला म्हणे’ म्हणजे जबाबदारी सांगणाऱ्यावर, माझ्यावर नाही. माहिती कुठून आली हे भाषेतच नोंदवायच्या या सोयीला भाषाशास्त्रात एव्हिडेन्शिॲलिटी म्हणतात. तुर्कीत तर त्यासाठी क्रियापदालाच ‘मिश’ प्रत्यय लागतो. इंग्रजीत ‘म्हणे’इतका आटोपशीर शब्द नाही. ‘मे’, ‘सजेस्ट’, ‘अपिअर्स’ अशांवर भागवावं लागतं. अशा शब्दांना भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी १९७२ साली ‘हेज’ म्हटलं. हेज म्हणजे कुंपण. आपला दावा कुठवर जातो, ते दाखवणारं. बांधावरची भांडणं बघत वाढलेल्या पोरांना हे फार समजावावं लागत नाही.

मग वाचताना ‘मे’ का निसटतो? हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली एका गोष्टीतले काही शब्द काढून त्या जागी निरर्थक शब्द घातले आणि ती इंग्रजी शिकणाऱ्यांना वाचायला दिली. शेकडा ८० शब्द ओळखीचे असताना एकालाही गोष्ट पुरेशी समजली नाही. कुणाच्या मदतीशिवाय समजायला ९८च्या आसपास शब्द ठाऊक हवेत, असा त्यांनी अंदाज बांधला. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहा अनोळखी शब्द चालतील. आमच्या पोरांच्या झेरॉक्सवर पेन्सिलीच्या खुणा त्याच्या कितीतरी पुढं जातात. मेंदूची तात्पुरती स्मृती एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी धरते, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांचं म्हणणं. त्या जागा ‘मॉइश्चर’ आणि ‘रिड्यूस’नं अडवल्या की तीन अक्षरी ‘मे’ दाराबाहेरच उभा राहतो.

‘इंग्रजी पिक्चर बघा, आपोआप येईल’ हा सल्ला इथं तोकडा पडतो. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० सालीच विद्यापीठीय लेखनातली ५७० शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, वेगळी काढली. अभ्यासाच्या मजकुरात ती सुमारे १० टक्के जागा व्यापतात, कथा-कादंबऱ्यांत दीड टक्कासुद्धा नाही.

नक्कलही बरीचशी इथूनच येते. जे वाक्य पुरतं कळलंच नाही ते आपल्या शब्दांत लिहिणार कसं? यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर दंड नाही. मग साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला चुकवायला पोरं शब्दांना पर्यायी शब्द चिकटवत जातात आणि त्या गडबडीत ‘सजेस्ट्स’चं ‘प्रूव्ह्ज’ होतं. सॉफ्टवेअर खूश, मूळ लेखकाच्या तोंडी मात्र भलतंच.

आता मी परिच्छेद आधी मराठीत सांगायला लावतो. अट एकच: प्रत्येक वाक्याला ‘आहे’, ‘असावं’ की ‘म्हणे’, ते ठरवायचं. इंग्रजी नंतर.

धारूरकडच्या एका मुलीनं प्रबंधात लिहिलं होतं, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं शाळा सोडतात हे सिद्ध झालं आहे. मी समासात लिहिलं, ‘कोण म्हणे?’ ती एकाच तांड्यावर फिरली होती. तिनं वाक्य बदललं: या तांड्यावर तरी तसं दिसतं. तिच्या मार्गदर्शकांनी ‘इतकं कच्चं कशाला लिहितेस?’ म्हणून ते खोडलं. पुढच्या मसुद्यात ‘तरी’सकट ते परत होतं.