क्राउलीचा नाइट म्हणजे राइडर-वेटचा नाइट नव्हे

टॅरो, म्हणजे भविष्य सांगायचे पत्ते, शिकणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: सुरुवात राइडर-वेट या डेकनं, म्हणजे पत्त्यांच्या संचानं, करा आणि खोलात जायचं असेल तर गूढविद्येवर लिहिणाऱ्या अलिस्टर क्राउलीचं 'बुक ऑफ थॉथ' वाचा. जणू एक पहिलीचं पुस्तक आणि दुसरं दहावीचं. मग समोर राइडर-वेटचे पत्ते, मांडीवर क्राउली, आणि कशाचा कशाला मेळ नाही. बसेल कसा? ते पुस्तक दुसऱ्याच डेकसाठी, क्राउलीच्या स्वतःच्या थॉथ डेकसाठी, लिहिलेलं आहे.

राइडर-वेट तुमच्या हाताखालचा आहे, त्यामुळे थोडक्यात. 1909, लंडन, कल्पना आर्थर एडवर्ड वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. प्रकाशकाचं नाव डेकला लागलं आणि चित्रं काढणारी बाई वगळली गेली, हे मला आजही खटकतं. वेटचं स्वतःचं 'पिक्टोरियल की टू द टॅरो' (1911) कोरडं आहे. लहान पत्ते, म्हणजे एक्का ते दहा, त्यानं अक्षरशः उरकलेत. शिकायला रेचल पोलॅकचं 'सेव्हंटी-एट डिग्रीज ऑफ विस्डम' घ्या, दुसरं काही शोधू नका.

थॉथची चित्रं फ्रीडा हॅरिसनं 1938 ते 1943 या काळात रंगवली, क्राउलीचं पुस्तक 1944 मध्ये जेमतेम 200 प्रतींत निघालं, आणि पत्ते छापून आले 1969 मध्ये, दोघंही गेल्यावर.

बाकीचे फरक चटकन कळतात. चार रंगांपैकी पेंटॅकल्सचे डिस्क्स झाले; मोठ्या पत्त्यांत टेम्परन्सचं आर्ट झालं, जजमेंटच्या जागी एऑन आला, जस्टिस परत आठव्या जागी गेला. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. एकदा वहीत लिहून ठेवा आणि पुढे चला.

खरी फसगत दरबारी, म्हणजे राजा-राणीच्या पत्त्यांत होते. राइडर-वेटमध्ये किंग, क्वीन, नाइट, पेज. थॉथमध्ये नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस. नाइट दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे घोड्यावरच आहे, म्हणून सगळे नाइटला नाइट जोडून मोकळे होतात. मग उरलेला प्रिन्स किंगच्या गळ्यात मारावा लागतो आणि मुलगा बापाच्या जागी जाऊन बसतो.

साधा प्रश्न विचारा: राणीचा नवरा कोण? राइडर-वेटमध्ये किंग. क्राउलीकडे नाइट. प्रिन्स हा त्या दोघांचा मुलगा. म्हणजे थॉथचा नाइट तुमच्या किंगच्या जागी, आणि थॉथचा प्रिन्स तुमच्या नाइटच्या जागी. हा घोळ घोड्यानं घातलाय. वेट आणि क्राउली दोघंही ज्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळात शिकले, तिथल्या टिपणांत राजेच घोड्यावर होते आणि राजपुत्र रथात. क्राउलीनं ते तसंच ठेवलं. वेटनं जुन्या युरोपीय पत्त्यांप्रमाणे राजाला सिंहासनावर बसवलं आणि घोडा नाइटला दिला. घोडा बघून जोड्या लावाव्यात असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. वाहन बदललं म्हणून नातं बदलत नाही.

थॉथचा प्रिन्स ऑफ स्वॉर्ड्स नीट बघा. एका हातात तलवार, दुसऱ्यात विळा: क्राउलीच्या मते तलवारीनं घडवतो आणि विळ्यानं तेच लगेच कापून टाकतो. रथाला जुंपलेली पंखवाली पोरं मनाला येईल तिकडे ओढतात. हे वर्णन राइडर-वेटच्या किंग ऑफ स्वॉर्ड्सला, त्या सिंहासनावर ताठ बसून निवाडा करणाऱ्याला, लावून दाखवा बरं. तेच वारा अंगावर घेत सुसाट सुटलेल्या नाइटपाशी ठेवून बघा.

लहान पत्त्यांचंही असंच. कप्सच्या दश्शीवर स्मिथबाईंनी इंद्रधनुष्य आणि आनंदानं नाचणारी मुलं काढली. क्राउली त्याच पत्त्याला 'सटायटी' म्हणतो, म्हणजे पोट भरून वीट येणं. दोन्ही अर्थ एकाच वाचनात कालवू नका.

थॉथ घ्यायचाच असेल तर आधी लॉन मायलो ड्यूकेटचं 2003 चं पुस्तक वाचा, मग क्राउली. आणि जन्मतारखेवरून दरबारी पत्ता काढताना जपून. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्याला थॉथमध्ये प्रिन्स ऑफ वाँड्स येतो, म्हणजे राइडर-वेटमध्ये नाइट ऑफ वाँड्स. नावावरून जोडलंत तर हाच नाइट नोव्हेंबर-डिसेंबरवाल्यांना जाईल. हे सगळं सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या राशींवर चालतं, तेव्हा आपल्या पत्रिकेतली निरयन रास इथे घुसवू नका.